आतून वाजणारं दार

गेली का लाइट? जाऊ दे. बसा इथंच ओट्यावर. राजू, मेणबत्ती नको लावूस, उगाच किडे येतात. आणि अमोल, तू मघापासून जे गाडीपुराण लावलं आहेस ना, की जुनी गाडी घेणार, तिच्यात पलंग टाकणार, शेगडी बसवणार, डोंगरात जाऊन मुक्काम ठोकणार, ते सगळं माझ्या कानावर आलंय. घ्या बाबांनो. हौसेला मोल नसतं. फक्त घ्यायच्या आधी मनोज नाठेचं काय झालं ते ऐका. मनोज सातपूरला माझ्या शेडच्या भिंतीला भिंत लावून होता. म्हणजे अर्धं मी डोळ्यांनी बघितलंय आणि अर्धं त्याच्या तोंडून ऐकलंय, तेसुद्धा तो माणूस थरथरत असताना. मध्ये बोलायचं नाही. धोंडीरामकाकाच्या ओट्यावर तेवढा एकच नियम आहे.

तर मनोज. फॅब्रिकेशनवाला. वेल्डिंगमध्ये त्याचा हात धरणारा अख्ख्या सातपुरात कोणी नव्हता. त्याने मारलेला टाका सुटला असं कोणी म्हणालं, तर त्या दिवशी तो जेवायचा नाही. आणि दुसरी त्याची खोड म्हणजे आवाज. गेट कुरकुरलं, मशीन खडखडलं, कुठंही काही वाजलं की हा बेचैन. मला म्हणायचा, "काका, आवाज म्हणजे कुठंतरी ढिलं आहे. ढिलं आहे तर आवळा. आवळून नाही भागलं तर टाका मारा." त्याचं ब्रह्मवाक्य होतं ते. आम्ही कारखान्यातली माणसं सगळी तशीच, खोटं कशाला बोलू? वाजतंय म्हटलं की आपला हात आधी पान्याकडे जातो. का वाजतंय हे विचारायला फुरसत कोणाला?

दोन हजार तीनचा कुंभमेळा. तुम्ही तेव्हा चड्डीत होतात. त्या गर्दीत एक गोरं जोडपं आपली गाडी घेऊन नाशकात आलं होतं. पाण्याच्या टाकीला चीर गेली म्हणून कोणीतरी त्यांना मनोजकडे पाठवलं. गाडी कसली, घरच होतं चाकांवरचं! पलंग, ओटा, बेसिन, कपाटं. मनोज टाकी जोडायला आत शिरला तो बाहेर यायलाच तयार नाही. त्यांनी त्याला चहासुद्धा गाडीतच करून पाजला. झालं. त्या दिवसापासून माणूस झपाटला. जेवताना तेच, झोपेत तेच. बायको म्हणाली, "अहो, त्या मडमेनं काही करणी केली की काय तुमच्यावर?"

बायको तृप्ती. बालवाडीत शिकवायची. तोंडाने फटकळ, पण लाख माणसांत एक. आणि मुलगी तेजस्विनी, तेजू. पाच वर्षांची. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, नवससायास करून झालेली. दोघांचा जीव की प्राण. मनोज एरवी कोणापुढे मान वाकवणार नाही, पण तेजूने हुकूम सोडला की घोडा होऊन अख्खी गल्ली फिरायचा.

पुढे एक दिवस मनोज मालेगावला गेला. लूमची एक जुनी मोटर आणायची होती. सकाळी गेला, आणि संध्याकाळी ट्रकच्या मागे दोर बांधून एक मॅटाडोर ओढत आणली. कुठल्याशा भंगारवाल्याच्या आवारात धूळ खात पडलेली. एकेकाळी निळी असावी.

तृप्ती दारात उभी. "अहो, मोटर आणायला गेला होतात ना?"

"मग ही काय बैलगाडी आहे?" मनोज म्हणाला. आम्ही सगळे हसलो. तेजू तर चाकावर चढून बसली सुद्धा.

मग सुरू झालं काम. दिवसा गिऱ्हाइकांचं, संध्याकाळी गाडीचं. इंजिन उतरवलं, बसवलं. स्प्रिंगचे पाटे वाढवून गाडी हातभर उंच केली, म्हणजे दगडगोट्यांत पोट घासू नये. जाड नक्षीची टायर चढवली. आतला सगळा कुजका पत्रा काढला, प्लायवूड लावलं, पलंग केला, पलंगाखाली कपाट केलं. पुढची ड्रायव्हरची केबिन आणि मागची खोली यांच्यामध्ये पत्र्याची भिंत घातली आणि त्या भिंतीला एक लहानशी काचेची खिडकी ठेवली, म्हणजे चालवता चालवता मागे झोपलेली पोर दिसावी. मागे चढायला मागचं दार होतं. ते त्याने नवीन केलं, बाहेरच्या कडीसकट.

राहिलं बाजूचं दार.

ते सरकतं दार होतं, जुनंच. त्याला बाहेरून हँडल होतं, आतून नव्हतं. मोडलेलं नव्हे बरं का. कापलेलं. ब्लेड फिरवून साफ कापलेलं. आणि दाराच्या पत्र्याला खालच्या अंगाला फुगवटे होते. आतून बाहेर आलेले. मी हात फिरवून बघितला आणि म्हटलं, "मनोज, हे कशाचे रे?" तो म्हणाला, "माल आदळला असेल काका." हातोडी घेऊन त्याने ते ठोकून बसवले, पुट्टी भरली, वरून रंग मारला. दुसऱ्या दिवशी हात लावला तर पत्रा गुळगुळीत. काम म्हणजे काम होतं त्याचं.

गाडी रस्त्यावर काढली आणि आवाज आला. ठक. ठक ठक. त्या दारातून. मनोजच्या डोक्यात किडा वळवळला. रबर लावलं, वाजलं. बोल्ट आवळले, वाजलं. रूळ बदलले, तरी वाजलं. आणि एक गंमत सांगू? गंमत नव्हे म्हणा. गाडी उभी असताना पण वाजायचं. एकदा मी रात्रपाळीला होतो, मनोजच्या शेडला कुलूप, आणि भिंतीपलीकडून ठक... ठक... मी म्हटलं, पत्रा गार होताना वाजतो कधीकधी. सकाळी मनोजला सांगितलं तर तो चिडला. म्हणाला, "आता मिटवूनच टाकतो." आणि त्याने ते दार बंद करून वेल्डिंग मारलं. वर, खाली, दोन्ही अंगांना, जागोजागी टाके. आतून त्याला टेकवून स्वयंपाकाचा ओटा बसवला.

आवाज थांबला. मनोजने मला पेढा दिला.

आता ती रात्र. सन दोन हजार तीन, मार्गशीर्षातली चंपाषष्ठी, वार शनिवार. घरी खंडोबाची तळी भरली, वांग्याचं भरीत आणि बाजरीची भाकरी डब्यात बांधून घेतली, आणि दुपार कलल्यावर तिघं निघाली. पहिला मुक्काम. गाडीच्या नाकावर हार, नारळ फोडलेला. तेजू खिडकीतून आम्हा सगळ्यांना टाटा करत होती. मी तिला म्हटलं, "वाघ दिसला तर त्याला माझा नमस्कार सांग." ती म्हणाली, "हो, आणि त्याला भाकरी देईन."

जायचं होतं त्र्यंबकच्या पुढे, धरणाच्या काठी. पण त्र्यंबकच्या रस्त्याला गाड्या तुंबलेल्या, म्हणून मनोजने पेठ रोड धरला. म्हणाला, डोंगर काय, सगळीकडे सारखेच. सावळ घाट उतरला तोवर सूर्य टेकला होता. पुढे एका फाट्यावर स्टिअरिंग डावीकडे ओढायला लागलं. मनोजने सरळ केलं. परत डावीकडे. तो म्हणाला, "अलाइनमेंट गेलं वाटतं." आणि डावीकडचाच कच्चा रस्ता बरा दिसत होता, म्हणून त्याने गाडी तिकडे घातली.

डांबर संपलं. मग मुरूम संपला. मग नुसती गाडवाट, मधे गवत वाढलेलं. मनोज खुशीत. "बघ, कशी चढते!" तृप्ती एका हाताने तेजूला आणि दुसऱ्या हाताने डबा धरून बसलेली. वाट संपली ती नदीपाशी. पाणी थोडंच, पण वाहतं. पलीकडच्या टेकाडावर चारदोन दिवे दिसत होते, म्हणजे पाडा होता एखादा. जागा झकास. मनोजने इंजिन बंद केलं.

जेवणं झाली. तेजूला पलंगावर झोपवलं, वर एक छोटा बल्ब लावून ठेवला मनोजने, बॅटरीवरचा, तिला अंधाराची भीती वाटू नये म्हणून. तृप्तीने पांघरूण घातलं, मागचं दार नुसतं लोटून घेतलं, आणि दोघं बाहेर शेकोटीपाशी बसली. वर षष्ठीची कोर. किती दिवसांनी दोघं अशी निवांत बसली होती! तृप्ती म्हणाली, "मी तुम्हाला वेड्यात काढलं होतं. पण छान झालीय हो गाडी." मनोज मला म्हणाला होता, काका, तेवढं एक वाक्य ऐकायला मी सगळा खटाटोप केला होता.

कोर मावळली.

ठक.

मनोजने मान वर केली.

ठक. ठक.

"पाय मारतेय वाटतं झोपेत," तृप्ती म्हणाली. "तेजू! झोप गं."

आतून तेजूचा आवाज आला. पण तो आईला दिलेला जबाब नव्हता. ती कोणाशीतरी बोलत होती. हळू. आपण शेजारच्या माणसाशी बोलतो तसं.

"नाही... माझी आई बाहेर आहे."

मग थोडा वेळ काही नाही. जणू समोरचं बोलत होतं आणि ती ऐकत होती.

"...नाही. मी तेजू."

परत शांतता.

"...बरं."

तृप्ती ताडकन उठली. मनोज तिच्या आधी मागच्या दाराशी. ओढलं. दार उघडेना. कडी लावलेली नव्हती, पोरं हो, आतून त्या दाराला कडी ठेवलीच नव्हती त्याने. पोर कोंडली जाऊ नये म्हणून मुद्दाम ठेवली नव्हती. दार बोटभर यायचं आणि परत आत जायचं. कोणीतरी आतून ओढून धरल्यासारखं.

"तेजू! तेजू, बाळा!"

तो धावत केबिनमध्ये चढला आणि मधल्या खिडकीला डोळा लावला. आत बल्ब जळत होता. तेजू पलंगावर झोपलेली. डोळे मिटलेले, श्वास शांत. मनोजचा जीव भांड्यात पडला. आणि मग त्याचं लक्ष उशीकडे गेलं.

उशी खाली होती. तेजूचं डोकं उशीवर नव्हतं. उशीच्या वीतभर वर होतं. हवेत. आपण लेकराचं डोकं मांडीवर घेतो ना... तसं. टेकलेलं.

आणि कपाळावरचे केस मागे जात होते. एकेक बट. हळू. परत पुढे यायची, परत मागे जायची.

मनोजने काच फोडली, हात आत घातला. खांद्यापर्यंत घातला. पलंग हातभर लांब राहिला. काच दंडात घुसली ती त्याला कळलीसुद्धा नाही. तृप्ती मागच्या दारावर दोन्ही हातांनी बडवत होती, रडत होती, देवाची नावं घेत होती.

आणि ती तिकडे बडवायची तसं इकडे आतून ओट्यामागे वाजायचं. ठक ठक. ठक ठक ठक.

तेवढ्यात टॉर्चचा उजेड आला. नदी ओलांडून एक म्हातारी येत होती. वाळकी, गुडघ्यापर्यंत लुगडं, कपाळावर गोंदलेली हिरवी टिंबं, पाय ओले. ती या दोघांकडे बघतच नव्हती. गाडीकडे बघत होती.

"ही मुकादमाची गाडी," ती म्हणाली. "रंग बदलला. आवाज नाय बदलला. सांजेलाच वळखला म्या."

"आजी, माझी पोर आत आहे! दार उघडत नाही! काहीतरी आहे आत..."

म्हातारी बाजूच्या दाराशी गेली. त्या वेल्डिंग मारलेल्या. तिने पत्र्याला कान लावला. मग हाक मारली, अगदी घरातल्या घरात मारतात तशी.

"कुसा?"

वाजायचं थांबलं.

"कुसाबाय... तूच का गं?"

ठक.

म्हातारी दाराला टेकून खाली बसली. तिचं नाव भागीबाई. तिने तिथंच, मातीत बसून सांगितलं. फार नाही. मोजकीच वाक्यं सांगितली असतील, पण मनोजला ती मरेपर्यंत पाठ राहतील.

"माझी लेक ती. द्राक्षाच्या कामाला गेली व्हती, लेकरू घेऊन. तिथं ताप भरला. मुकादमानं उचलून हिच्यात टाकली, घरी धाडतो म्हनला. पर लेकरू तिथंच झोपडीत निजलेलं ऱ्हायलं... हिला वाटंत शुद्ध आली. समदी वाट दार बडवत ऱ्हायली, डायवरच मागनं बोलला. माझी पोर ऱ्हायली, मला उतरवा, मला उतरवा. थांबायचं नाय असा मुकादमाचा हुकूम. डायवर थांबला नाय. हितं, ह्याच जागी दार उघडलं, तवा गार पडली व्हती."

मनोज ऐकत होता. त्याच्या डोळ्यांपुढे काय आलं असेल? ते फुगवटे. मुठीएवढे. त्यानेच हातोडीने बसवलेले.

"आमच्यात गेलेल्या मान्साला नाव घेऊन गाडीतनं उतरवायचं अस्तं, गावचं पानी लागलं की, तवा जीव बी उतरतो. डायवरनं उतरवू दिलं नाय. मढं टाकलं न् गाडी पळवली. आमी मढं नेलं. ती उतरलीच नाय, दादा. ती हिच्यातच ऱ्हायली."

"माझ्या पोरीला काय करेल ती?" तृप्तीने विचारलं.

भागीबाई तृप्तीकडे वळून म्हणाली, "आपलीच समजत असंल."

"मागचं दार तोडतो," मनोज म्हणाला.

"तिथनं द्यायची नाय ती. ती चढली ह्याच दारानं, उतरंल बी ह्याच दारानं. हे उघड."

"हे उघडत नाही, आजी! मी वेल्डिंग केलंय!"

"कशापायी?"

काय सांगणार? वाजत होतं म्हणून?

"मंग तोड," भागीबाई म्हणाली.

छिन्नी, हातोडा आणि पहार. नाशकातला सगळ्यात चांगला वेल्डर स्वतःचे टाके तोडायला बसला. एकेक टाका दगडासारखा. हातोडा घसरायचा, बोटं सोलायची. तृप्ती टॉर्च धरून उभी. आणि त्याने एक घाव घातला की आतून एक उत्तर यायचं.

ठण्ण.

ठक.

ठण्ण.

ठक.

तोही तोडत होता. तीही.

खालचे टाके सुटले. मग डावे. तृप्ती मधेच पुढे पळत जाऊन खिडकीतून बघून आली. तिचा चेहरा पांढराफटक. "अहो... ती बसलीय. तेजू उठून बसलीय. डोळे मिटलेलेच आहेत. आणि... आणि तिचे हात..."

"काय हातांचं?"

"कोणाच्या तरी गळ्यात घातल्यासारखे आहेत."

मनोजने पहार घातली आणि अंगातलं सगळं बळ लावलं. दार करकरलं. वरचा शेवटचा टाका... तुटला. दार निसटून गवतात पडलं. आतला ओटा त्याने लाथेने मोडला. शेगडी, भांडी सगळी बाहेर.

आत अंधार. बल्ब गेला होता.

काही हालेना. नदीचा आवाजसुद्धा येत नव्हता म्हणे.

भागीबाई दारासमोर उभी राहिली. तिने हात पुढे केला. लांबून आलेल्या माणसाला गाडीतून उतरायला हात देतात ना, तसा.

"कुसा. म्या आये गं. गाव आलं. उतर."

हात तसाच पुढे धरून ती परत म्हणाली,

"पानी लागलं बाय. पाय टाक. उतर."

आत काहीतरी सरकलं. पलंगाच्या कडेला. आणि थांबलं. तेजू झोपेत हुंदका दिल्यासारखी एकदा कण्हली. कोणीतरी तिला जास्तच घट्ट धरलं असावं.

"तिला ठिव," भागीबाई म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच कापला. "ती दुसऱ्याची हाय. तुझी पोर... तुझी पोर घरी हाय, कुसा. जेवली. निजली. आये कवा येती, आये कवा येती, इचारून इचारून निजली. चल."

किती वेळ गेला मनोजला सांगता येत नाही.

मग गाडी हलली.

ती डावीकडे जराशी झुकली, दाराच्या बाजूला. आणि मग स्प्रिंगवर वर आली. तुम्ही रिक्षातून उतरता ना, तुमच्या वजनाने दबलेली रिक्षा मागे कशी वर येते? तशी. पाटे मनोजने स्वतः बसवले होते. एका माणसाच्या वजनाला गाडी किती उचलते हे त्याला बघून कळायचं. त्याने बघितलं. एका बाईच्या वजनाएवढी गाडी वर आली.

दारासमोरचं गवत दबलं. एकदा. मग पुढे, आणखी एकदा.

भागीबाईची बोटं मिटली. कशावर तरी.

तृप्ती त्या क्षणी आत झेपावली. तेजूला उचललं, छातीशी धरलं, बाहेर आणलं. पोर गरम, श्वास नीट. तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "आई, पाणी." तृप्तीने तिला पाणी पाजलं. नदीच्या पाण्याने तोंड धुतलं, पदराने कपाळ पुसलं, गाल पुसले, टॉर्च मारून नखशिखांत बघितलं. कुठं ओरखडासुद्धा नव्हता. ही गोष्ट लक्षात ठेवा. तृप्तीने तेजूची शपथ घेऊन सांगितलेलं आहे हे, आणि ती बाई उगाच पोरीची शपथ घेणारी नाही.

भागीबाई नदीकडे निघाली होती. एक हात थोडा बाजूला धरलेला. बोलत होती. "हितं दगड हाय... जपून. आता थोडंच ऱ्हायलं."

मनोज तिच्या मागे धावला. पाया पडला. रडला. एवढा मोठा बाप्या, पण रडला. आणि पाया पडून उठताना त्याने विचारलं, माणूस सहज विचारतो तसं विचारलं, "आजी, तुमची नात... मोठी झाली असेल ना आता?"

भागीबाईने मागे बघितलं. आधी स्वतःच्या त्या हाताकडे बघितलं. मग मनोजच्या कानाशी तोंड आणलं. इतक्या हळू बोलली, की त्याला जेमतेम ऐकू आलं.

"हळू बोल... ती बी त्याच तापानं गेली, दादा. आईच्या मागं आठ दिसांत. म्या खोटं बोलले. तुझी पोर व्हती म्हून खोटं बोलले."

आणि ती पाण्यात शिरली. टॉर्चचा उजेड टेकाडावर चढत गेला. एका घराशी थांबला. मग विझला.

मनोजने तेवढ्या रात्री गाडी काढली. बाजूला दार नाही, आत ओटा नाही, गार वारा भणाणतोय. तेजूला पुढे दोघांच्या मध्ये घेतलेलं. पेठचा रस्ता, सावळ घाट, कुठं थांबला नाही. उजाडताना सातपुरात शिरला तेव्हा मी शेडचं शटर उघडत होतो. गाडी बघितली आणि कुलूप तिथंच टाकून मी धावलो. त्याला चहा पाजला. तो बोलत होता आणि मी ऐकत होतो, आणि तेजू तिथंच माझ्या स्टुलावर बसून बिस्किट खात होती. मी स्वतः तिच्या कपाळावरून हात फिरवला. म्हटलं, "वाघ दिसला का गं?" ती नाही म्हणाली. कपाळ स्वच्छ होतं, पोरांनो. मी बघितलंय.

दोन दिवस काही नाही. देवळात जाऊन आले, नारळ, अभिषेक, सगळं झालं. गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली. मनोज म्हणाला, सुटलो काका.

तिसऱ्या दिवशी सकाळी तृप्ती तेजूला आंघोळ घालत होती. साबण लावला, तोंडावर तांब्या ओतला, आणि तिच्या हातातून तांब्या गळला.

तेजूच्या कपाळावर, दोन भुवयांच्या बरोबर मधे, तीन हिरवी टिंबं. गोंदलेली.

घासली. तेल लावून घासली. रॉकेल लावलं. पोर रडायला लागली, कातडी लाल झाली, टिंबं तशीच. डॉक्टरकडे नेली. डॉक्टरने भिंग लावून बघितलं आणि यांनाच झापलं, एवढ्या लहान मुलीला गोंदवता कशाला म्हणून. मग पंचवटीत जत्रेला गोंदणारी एक बाई बसायची, तिला दाखवली. तिने अंगठ्याने कातडी ताणून बघितली, आणि हात मागे घेतला. म्हणाली, "हे आजकालचं नाही. रंग पसरलाय, खोल उतरलाय. वीस-पंचवीस वर्षं मुरल्याशिवाय असं होत नाही."

तेजूला अजून सहा पूर्ण व्हायची होती.

घरी आल्यावर तृप्तीने तिला मांडीवर घेतलं. आवाज शांत ठेवून विचारलं, "बाळा, हे कोणी केलं गं?"

"रात्री आईने टोचलं," तेजू म्हणाली. "दुखलं नाही. आईने फुंकर घातली."

"मी?" तृप्तीने विचारलं. आणि तेजू उठली, तिचा हात हातात घेऊन नीट समजावल्यासारखं म्हणाली, "तू नाही काही. आईने."